करकंबच्या पावसाचा चौकोन

पंढरपूर तालुक्याचा महसूल मंडळनिहाय पावसाचा तक्ता मोबाइलवर आला, की करकंबचा शेतकरी आधी आपल्या मंडळाचा आकडा बघतो आणि लगेच पट कुरोली, भाळवणीचा. त्यांत जमीन-अस्मानाचा फरक निघाला तरी कुणाला नवल वाटत नाही. ओढ्याच्या अलीकडे शेतं तुंबावीत आणि पलीकडे फुफाटा उडावा, असाच हा पाऊस. आकड्यावर पैसाही अडकलेला असतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर महसूल खात्याच्या लेखी अतिवृष्टी; फळपीक विम्याचा हिशेबही मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरतो.

द्राक्षवाल्याला मात्र कालच्या आकड्यापेक्षा उद्याचा हवा असतो. छाटणीनंतर घड बाहेर पडत असताना दोन दिवस झड लागली, की पानामागे डावणीची पांढरी बुरशी दिसू लागते आणि घड कुजायला लागतात. फवारणी वेळेत झाली तर बाग वाचते. औषध वाळायच्या आत सर आली, तर औषध, डिझेल, मजुरी सगळं मातीत. पुढे उन्हाळ्याच्या तोंडाला शेडमधल्या जाळीवर बेदाणा वाळत असतो, तेव्हाही एक अवकाळी सर माल काळा पाडायला पुरते.

आजवर असे अंदाज भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवून काढले जात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, ‘अर्क’ नावाचा महासंगणक त्यासाठीच आहे, आणि तिथेच तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये सुरू झाली. ज्या चौकोनाला मिळून एकच अंदाज मिळतो, तो तिने १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणला.

डीप लर्निंगची वाट वेगळी. यंत्राला समीकरणं शिकवायचीच नाहीत. मागची हवा दाखवायची. गूगल डीपमाइंडच्या ‘ग्राफकास्ट’ला १९७९ ते २०१७ अशा ३९ वर्षांचं जगभरचं हवामान दाखवलं गेलं. आत्ताची हवा आणि सहा तासांपूर्वीची हवा दिली, की ते सहा तासांनंतरची सांगतं. ते उत्तर पुन्हा त्यालाच खाऊ घालायचं. अशा ४० फेऱ्यांत दहा दिवस भरतात, तेही मिनिटाच्या आत. हे काम २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं. त्याच वर्षी हुआवेच्या ‘पांगू’चं ‘नेचर’मध्ये आलं होतं. फेब्रुवारी २०२५ पासून युरोपीय हवामान केंद्राने स्वतःचं असं यंत्र रोजच्या वापरात आणलं आहे.

मागचं बघून पुढचं सांगायचं, ही कल्पना आपल्याकडे जुनीच. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर दूरदेशीच्या हवेचे दाब आणि आपला मान्सून यांची सांगड घालत होते. त्यांच्याकडे कागद, पेन्सिल आणि कारकुनांची फौज होती, एवढंच.

पण करकंबच्या बांधावरून पाहिलं की पहिली अडचण दिसते. ग्राफकास्टचा एक चौकोन सुमारे २८ किलोमीटरचा. करकंब आणि पंढरपूर त्यात शेजारी-शेजारी मावतील. दुसरी अडचण अधिक मुरलेली आहे. शिकताना यंत्राला सरासरी चूक कमी करायला सांगितलेलं असतं. ढग नेमका कुठे फुटणार हे पक्कं नसेल, तर एका जागी ८० मिलिमीटर सांगून तोंडघशी पडण्यापेक्षा सगळीकडे थोडा-थोडा पाऊस शिंपडणं त्याच्या फायद्याचं. हिशेबात ते बरोबर ठरतं आणि अतिवृष्टी मात्र हातची सुटते. त्यात ज्या नोंदीवर ही यंत्रं शिकली, त्या ‘ईआरए५’ या जगभरच्या हवामानाच्या संग्रहातला पाऊस बहुतांशी पर्जन्यमापकातला नाहीच; तो दुसऱ्या प्रारूपाने काढलेला. म्हणजे पाठ्यपुस्तकच कुणाच्या तरी अंदाजावर लिहिलेलं.

आयआयटीएममधल्या संशोधकांनी इथेच हात घातला. हवामान खात्याकडे १९०१ पासूनचा देशभरचा चौकोनवार पाऊस आहे. त्याच्या जाड्याभरड्या चित्रातून बारीक चित्र कसं काढायचं हे त्यांनी यंत्राला शिकवलं. फोटोची धूसरता घालवायची तंत्रं २०२१ मधल्या या कामात मान्सूनच्या पावसाला लावली होती. माझ्या मते आपल्या कामाचं संशोधन हे आहे. दहा दिवसांच्या जागतिक शर्यतीत कोण पहिला आला, याचं कौतुक करायला परदेशी मासिकं आहेत.

प्रत्यक्ष उपयोगाचं उदाहरण २०२५ च्या खरिपातलं. केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोबाइलवर मान्सूनच्या आगमनाचे अंदाज धाडले. त्यासाठी गूगलचं ‘न्यूरलजीसीएम’, युरोपीय केंद्राचं यंत्र आणि हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या नोंदी यांची मोट बांधली होती. त्या वर्षी मान्सून २४ मेलाच केरळात आला, दोन दिवसांत मुंबईत पोचला आणि पुढे अडखळला. हा सुमारे वीस दिवसांचा खंड अंदाजात आधीच आला होता. लवकर आलेल्या पावसाला भुलून पेरणाऱ्याला तेवढी सूचना दुबार पेरणीपासून वाचवते.

जे कधी घडलंच नाही, त्याचं काय? शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी एका यंत्राच्या अभ्यासातून मोठी चक्रीवादळं मुद्दाम वगळली. मग सर्वांत भीषण वादळ समोर आलं, तेव्हा यंत्राने ते कमकुवतच सांगितलं. १४ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातून आलेलं कमी दाबाचं क्षेत्र सोलापूर जिल्ह्यावरून गेलं, पंढरपुरात पावसाने कुंभार घाटाची भिंत कोसळून माणसं गेली. अशा पावसाचे दाखले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि यंत्र दाखल्यांवरच शिकतं. मंडळवार स्वयंचलित हवामान केंद्रं तर ‘महावेध’ प्रकल्पातून गेल्या दशकात उभी राहिली, म्हणजे त्यांच्या नोंदीही थोड्याच. झाडाच्या सावलीत गेलेलं किंवा धूळ साचून अडलेलं केंद्र विम्याचा हिशेब बिघडवतंच, उद्याच्या यंत्राचं शिक्षणही बिघडवतं.

नव्या यंत्रांनी एक गोष्ट बरी केली. डीपमाइंडचं ‘जेनकास्ट’ एकच उत्तर न देता पन्नासच्या वर वेगवेगळी उत्तरं काढतं आणि त्यातून पावसाची शक्यता टक्क्यांत सांगतं. टक्क्यांची भाषा शेतकऱ्याला कळत नाही, असं शहरात म्हणतात. इकडचा जाणता बागायतदार सगळी बाग एका दिवशी छाटत नाही. प्लॉटमागे तारखा पुढे-मागे ठेवतो. त्याला ४० टक्के शक्यता सांगितली, तर फुलोऱ्यातल्या प्लॉटवर आजच फवारणी घ्यायची आणि बाकीच्यांचं उद्या बघायचं, हे तो सांगणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत ठरवून मोकळा होतो.