तेजाची पारख

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आणि मध्य प्रदेशाच्या आकाशातून पेटत्या गोळ्यांची रांग संथपणे सरकत गेली. हा उल्कावर्षाव असावा, असा अनेकांचा समज झाला. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. ते तेज फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या ‘चांग झेंग ३ बी’ या चिनी अग्निबाणाच्या अवशेषाचे असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला.

उल्का आणि असा अवशेष यांतील भेद वेगावरून कळतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा क्षणार्धात विझते. पृथ्वीभोवती फिरणारा अवशेष सुमारे ८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा येतो. त्यामुळे त्याचे तुकडे एकामागून एक, पुष्कळ वेळ जळताना दिसतात.

चौविहार आणि प्रतिक्रमण आटोपून गच्चीवर आलेल्या कुटुंबास इतर तेजेही ओळखता येतील. सूर्यास्तानंतर पश्चिमेस किंवा पहाटे पूर्वेस स्थिर तळपणारा ठिपका बहुधा शुक्र असतो. आपल्याकडे तो मध्यरात्री दिसत नाही. क्षितिजाजवळ रंग बदलत लुकलुकणारा तेजस्वी तारा व्याध असू शकतो. लाल-हिरवे दिवे उघडझाप करीत असतील, तर ते विमान होय. न लुकलुकता काही मिनिटांत आकाश ओलांडणारा ठिपका हा कृत्रिम उपग्रह असतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक असेच दिसते. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करते. त्याला स्वतःचे तेज नाही. सूर्यप्रकाशाने ते उजळते आणि पृथ्वीच्या छायेत शिरताच मावळते. एका रेषेत माळेसारखे जाणारे ठिपके हे नुकतेच सोडलेले ‘स्टारलिंक’ उपग्रह असतात.

जैन शास्त्रांनी सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्र आणि प्रकीर्णक तारे असे ज्योतिष्क देवांचे पाच भेद सांगितले आहेत. आकाशाकडे भेद जाणून पाहण्याची ही दृष्टी आपल्या परंपरेतच आहे. सराफ कसोटीवर घासल्याविना सोन्याचा भाव सांगत नाही. तसेच दिशा, वेळ, वेग आणि लुकलुक पाहिल्याविना आकाशातील तेजास नाव देऊ नये.

या पारखेत दोन हिते आहेत. अशी वस्तू जवळपास पडल्यास तिला हात लावू नये, मुलांना दूर ठेवावे व पोलिसांना कळवावे. अग्निबाणांच्या काही भागांत विषारी इंधनाचा अंश उरलेला असू शकतो. दुसरे हित व्रताचे आहे. ‘आकाशातून संकट आले’ असा संदेश शहानिशा न करता शंभर घरी पोचविणाऱ्याने सत्याणुव्रताचा विचार करावा. मोबाईलवरील एका स्पर्शाने वृद्धांची झोप उडते आणि बालकांच्या मनात भय बसते. तो संदेश पुढे धाडण्यापूर्वी क्षणभर वर पाहणे, हा सत्याचाच नव्हे, तर अहिंसेचाही आचार आहे.