परतीचा टेम्पो

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोलीच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. विजेचे खांब मोडले. मुरुडात आम्ही कित्येक रात्री अंधारात काढल्या आणि मग इन्व्हर्टर घेतला. गेल्या पावसाळ्यात त्याची बॅटरी बसली.

दापोलीहून मेकॅनिक आला. त्याने सहाही सेलची झाकणे उघडली, हायड्रोमीटरची रबरी गोळी दाबून एकेका सेलमधले अ‍ॅसिड काचेच्या नळीत ओढले आणि आतल्या तरंगत्या काट्यावरचे आकडे मोठ्याने वाचत गेला. बाराशे वीस, बाराशे वीस, बाराशे दहा. चौथ्या सेलला थांबला. नळीत गढूळ तपकिरी पाणी, आकडा अकराशेच्याही खाली. "काका, हा सेल गेला," तो म्हणाला. दोन व्होल्टचे सहा सेल मिळून बारा व्होल्ट होतात. एक मेला की उरलेले पाच धडधाकट असूनही उपयोग नाही. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिली की पट्ट्यांवर गंधकयुक्त शिशाचे कठीण थर चढतात. पुढे कितीही चार्ज केली तरी ते निघत नाहीत. पाणी वेळेवर घातले नाही तर पट्ट्या उघड्या पडतात. यातली थोडी चूक आमचीही होती.

बॅटरी उचलायला दोन माणसे लागली. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसेच असते, म्हणून जुनीचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वळते होतात. गावात कुणी ती उकिरड्यावर टाकत नाही, त्याचे कारण हेच. "आडवी करू नका हं," मेकॅनिक बजावत होता. झाकणे घट्ट लावून त्याने ती टेम्पोत उभीच ठेवली. मला त्याचे फार बरे वाटले. मागे एकाला बॅटरी ओढ्याकाठी पालथी करून अ‍ॅसिड ओतताना मी पाहिले आहे. आपला जांभा सच्छिद्र, विहीर वाडीतच. त्या अ‍ॅसिडाबरोबर शिसेही मातीत उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूला ते कायमची इजा करते. उघड्या भट्टीत पट्ट्या वितळवल्या तर तेच विष धुरातून पसरते.

नीट चालणाऱ्या कारखान्यात बॅटरी बंद यंत्रात फोडतात. तुकडे पाण्यात सोडले की प्लास्टिक तरंगते, शिसे तळाला बसते. अ‍ॅसिड निष्प्रभ करतात किंवा पुन्हा वापरतात. शिसे भट्टीत शुद्ध होऊन त्याच्या लगडी पडतात आणि त्यांतून पुन्हा बॅटरीच्या पट्ट्या घडतात. कितीदाही वितळवले तरी शिशाचा कस उतरत नाही.

लिथियमची गोष्ट वेगळी. आमच्या कपाटात मोबाइलच्या चार जुन्या बॅटऱ्या आहेत, एक फुगलेली. भंगारवाला त्यांना हात लावत नाही. कारखान्यात अशा बॅटऱ्या चुरून काळी पूड करतात. तिच्यात लिथियम, ग्रॅफाइट, काहींत निकेल आणि कोबाल्टही असते, ते रसायनांनी वेगळे काढतात. पण चार बॅटऱ्यांतला माल इतका थोडा की त्यासाठी इथवर कुणी येत नाही. अशी बॅटरी कचऱ्यात टाकली आणि दबली, तर पेट घेऊ शकते.

केंद्र सरकारच्या 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्या पुरायला आणि जाळायलाही मनाई केली आहे. नियम चांगला आहे, तो मुरुडच्या पाखाडीपर्यंत पोचला पाहिजे. ग्रामपंचायतीने वाळू भरलेला एक झाकणाचा डबा ठेवावा. टोकांना चिकटपट्टी लावून लोकांनी अशा छोट्या बॅटऱ्या त्यात टाकाव्यात. पर्यटनावर जगणाऱ्या आपल्या गावात लॉजवाल्यांनीही आपल्या बॅटऱ्या त्यात टाकाव्यात. नव्या बॅटऱ्या घेऊन येणारा टेम्पो दापोलीला परत जातोच. जुनी इन्व्हर्टरची बॅटरी त्यात उभी राहून जाते. तिच्या शेजारी या डब्यापुरती जागा नक्की आहे.