नाडी थांबली, तरी मेंदूची खबर
कोविडच्या साथीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आपण घरोघरी पाहिला. तो नाडीच्या ठोक्यांवर चालतो. हृदय थांबले की त्याचा भरवसा नाही. मग छाती दाबताना मेंदूला ऑक्सिजन पोहोचतो का, हे कसे कळावे? अवरक्त प्रकाशाने, कातडी न कापता, त्याचा अंदाज घेता येतो, हे फ्रान्स यॉबसिस यांनी अमेरिकेत १९७७ साली दाखवले. आता त्यासाठी कपाळावर पट्टी चिकटवतात. तिला नाडी लागत नाही. आकडा चढला, तर रक्त पोहोचत असल्याची ती खूण.

ही सोय सगळीकडे नसते. हात मात्र सर्वांजवळ आहेत. मोठे माणूस बेशुद्ध पडून श्वास थांबला, तर १०८ ला कळवून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर दाबावे. पालकांनो, मुलांसह हे शिकून घ्या, अशी आमची विनंती.