कोट गेला, नांव उरलें

सायंकाळीं चर्चगेटहून गाडी पकडणाऱ्या हजारों प्रवाशांना ‘येथलें गेट कोठें आहे?’ हा प्रश्न क्वचितच पडत असेल. तो दरवाजा एके काळीं खरोखरच होता. इंग्रजांनीं बांधलेल्या मुंबईच्या कोटास अपोलो, चर्च व बाजार असे तीन दरवाजे असून भोंवतीं खंदक होता. पुढें आंतील वस्ती दाटली, हवा कोंडली, आणि तटाचा लष्करी उपयोगहि उरला नाहीं. तेव्हां १८६२ नंतर गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या कारकीर्दींत तो पाडण्यांत आला. चर्च दरवाजाच्या जागीं १८६४ सालीं फ्लोरा फाउंटन उभें राहिलें. त्याच परिसरांत २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं संयुक्त महाराष्ट्रासाठीं जमलेल्यांवर गोळीबार झाला. आज तो हुतात्मा चौक होय.

तट गेला, तरी ‘कोट’ हें नांव लोकांच्या बोलण्यांत राहिलें म्हणून टिकलें. ज्या इराणी हॉटेलांत चहा आणि ब्रून-मस्क्याबरोबर अशा गोष्टी निघत, तीं मात्र एकेक करून मिटत आहेत. आतां हें काम घरच्या वडीलधाऱ्यांकडे आलें आहे. सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळ जुन्या तटबंदीचा अवशेष अद्याप उभा आहे. नातवाला तो दाखविणारें बोट मात्र हवें.