‘कोणता लगाम चांगला?’ एवढ्यावर सिनॉप्सिस लिहू नका

समजा, तुम्ही नागापूरला राहता. लग्नसराईत एमआयडीसीच्या रस्त्याने वरातीचा घोडा जाताना बघता आणि डोक्यात विषय येतो: शिंगराला वळायला शिकवताना कोणता लगाम वापरावा? विषय आपल्या मातीतला आहे. भीमथडी घोड्याला 2024 मध्ये स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता मिळाली. पण ‘चांगला’ म्हणजे नेमकं काय, हे ठरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आधी तोंड समजून घ्या. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत एक मोकळी जागा असते. लगामाची सळई तिथे बसते. त्या जागी हाडावर फक्त पातळ त्वचा. ‘जाड सळई म्हणजे मऊ लगाम’ असं सर्रास सांगतात, पण एंगेल्के आणि गासे यांनी 2003 मध्ये ही जागा मोजली तेव्हा जिभेनेच तोंड भरलेलं दिसलं. जाड सळईला जागाच नाही. ऐकीव ज्ञान मोजून बघायचं, ते यासाठी.

आता वळणं. उजवी दोरी ओढली की साधी कडी असलेला लगाम तोंडातून उजवीकडे सरकू शकतो. कडीला उभी लांब दांडी असेल तर ती डाव्या गालावर टेकते आणि ‘इकडे वळ’ हे शिंगराला बाजूनेही कळतं. म्हणून नवख्या घोड्याला दांडीचा लगाम सुचवतात. तर्क मला पटतो. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

मग तुलना कशी करायची? पहिल्यांदा सुचतं ते असं: एकाच शिंगराला आधी एक लगाम, मग दुसरा. इथेच बरेच जण फसतात. पहिल्या लगामावर शिंगरू वळायला शिकलं, की ते शिकणं पुसता येत नाही. दुसरा लगाम आपोआप हुशार ठरतो. शिकण्याच्या अभ्यासात स्वतंत्र गट लागतात, आणि फेरणारा माणूस शक्यतो एकच. कारण ओढ किती आणि घोडं वळताच दोरी किती लवकर सैल सोडली, यावर सगळं अवलंबून असतं. हात बदलला की लगामाचा परिणाम कुठला आणि हाताचा कुठला, कळतच नाही.

दुसऱ्याचे आकडेही जपून वापरा. फिनलंडमध्ये 261 ट्रॉटर घोडे शर्यतीनंतर तपासले, 84 टक्क्यांच्या तोंडात ताज्या जखमा निघाल्या (तुओमोला आणि सहकारी, 2019). आकडा धक्कादायक आहे, पण तो शर्यतीतल्या घोड्यांचा. चालीवर शिकणाऱ्या शिंगराला तो जसाच्या तसा लावू नका.

आणि काटेरी लगामाचा गट ठेवायचा विचारही नको. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनी असे लगाम बंद आहेत. नैतिक समिती तुमचा प्रस्ताव तिथेच परत करेल. वरातीच्या घोड्यांची तोंडं पशुवैद्याकडून तपासून नोंद मात्र घेता येते. तपासणाऱ्याला लगाम कोणता होता हे सांगायचं नाही, आणि मालकाची संमती आधी घ्यायची. सहा महिन्यांत होण्यासारखं काम आहे हे.