विश्वास आहे, मग कागद कशाला?

समजा, सावर्ड्यातला एक महिला बचत गट आमसुलं आणि आगळ करतो. गावातला एक न्यास त्याला जागा देतो, माल विकायला मदत करतो. दोघांचीही मूल्यं जुळतात: बायकांच्या हाती पैसा यावा, मालात भेसळ नसावी. मग करार कशाला? आपलीच तर माणसं!

पहिला गैरसमज हाच. माणसं आपली असतात, पण विश्वस्त बदलतात, गटाच्या अध्यक्षा बदलतात. तोंडी करार कायद्याला चालतो. मात्र तो सिद्ध करायची वेळ आली की प्रत्येकाची आठवण वेगळी निघते.

दुसरा गैरसमज जरा शिकलेल्यांचा: 'सामंजस्य करार' म्हणजे नुसता सदिच्छेचा कागद, तो बांधत नाही. कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय यावर काही ठरत नाही. आत देणंघेणं ठरलं असेल आणि बांधून घेण्याचा हेतू दिसत असेल, तर तो बांधतोच. उलट खरी गंमत मूल्यांच्या कलमांत आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 29 सांगतं की ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि करताही येत नाही, तो करार रद्दबातल. 'परस्पर आदर राखू', 'पारदर्शक राहू' ही वाक्यं फोटोपुरती छान. त्यांचं 'विक्रीनंतर 15 दिवसांत पैसे गटाच्या खात्यात', 'हिशेबाची वही दर महिन्याला दोघांसमोर', 'दर ठरवताना गटाच्या दोघी हजर' असं केलं, तरच मूल्याला दात येतात. माझ्या मते अशा करारांत मूल्यांचं पान सगळ्यात लांब असतं आणि कामाचं सगळ्यात आखूड. ते उलटं हवं.

सही कोणाची, हेही पाहा. बचत गट नोंदणीकृत नसेल तर कायद्याच्या नजरेत तो स्वतंत्र व्यक्ती नाही. म्हणून गटाचा ठराव आणि सह्या करणाऱ्या सदस्यांची नावं कागदावर हवीत.

'हेतू चांगला, म्हणजे परवानगी नको' हाही भ्रमच. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 36 नुसार न्यासाची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची. न्यासाला परदेशी देणगी येत असेल, तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला वळवता येत नाही, मूल्यं कितीही जुळोत.

आणि मूल्यं जुळली म्हणजे मतं जुळायलाच हवीत असं कुठे आहे? आंब्याचंच उदाहरण घ्या. 2018 मध्ये हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. त्याची नोंद दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि बागायतदारांच्या संस्था, अशा चौघांच्या नावावर आहे. देवगडकर आणि रत्नागिरीकर अजूनही आपलाच आंबा सरस म्हणतात (कोण हरकत घेणार!). पण मानांकनातलं 'हापूस' हे नाव वापरायचं, तर प्रत्येक बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. वाद राहिला, नियम मात्र सगळ्यांना एकच.

तुमच्या हाती असा मसुदा आला, तर आधी वेगळं होण्याचं कलम शोधा: किती दिवसांची सूचना, यंत्रं कोणाकडे, उरलेला माल आणि नाव कोणाचं. ते नसेल तर सही थांबवा.