खोकला नसलेला टीबी

"काम दिसलं, की हिची पाठ दुखायला लागते!"

२०२२ च्या दिवाळीत भिशीच्या बायकांसमोर मी माझ्या धाकट्या जावेबद्दल हे बोलले होते. चकलीची भाजणी मळून तयार, सोऱ्या माझ्या हातात, आणि ही आत जाऊन आडवी झालेली! मी चिडले. महिला मंडळातर्फे गावोगाव जाऊन बायकांना 'दुखणं अंगावर काढू नका' असं सांगणारी मी. पण माझ्याच घरातलं दुखणं मला आळस वाटलं.

तिनेही फार सांगितलं नाही. पाठ रात्री जास्त ठणकायची. संध्याकाळी अंगात कणकण असायची. 'दिवसभराचा शीण असेल,' म्हणून ती क्रोसिन घ्यायची. गावातल्या डॉक्टरांनी दुखण्याची इंजेक्शनं दिली, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. मग मालिश करणाऱ्या मावशी आल्या. संक्रांतीला तिने ब्लाउजला आतून दुसऱ्यांदा टाके घातले, ते मी पाहिलं. वर 'बारीक झालीस, छान दिसतेस' असंही म्हणाले!

फेब्रुवारीत एक दिवस अंगणातून घरात येताना तिच्या एका पायातली चप्पल निसटून मागेच राहिली आणि तिला ते कळलंच नाही. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्याच दिवशी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, "मणक्याच्या टीबीचा संशय आहे. दोन मणके खराब झालेत आणि मज्जारज्जूवर दाब येतोय."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "टीबी कसा असेल? हिला साधा खोकलासुद्धा नाही!"

मैत्रिणींनो, आपल्या सगळ्यांचा घोळ नेमका इथेच होतो. टीबी म्हटला की खोकला, बेडका, छातीचा फोटो एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. पण हे जंतू रक्तातून कुठेही जाऊन बसतात. नखं आणि केस सोडून टीबी कुठेही होतो, असं डॉक्टर म्हणतात. आपल्या देशात साधारण पाच रुग्णांतल्या एकाला तरी तो फुप्फुसाबाहेर असतो. मानेला न दुखणारी गाठ येते, जुनी माणसं तिला गंडमाळ म्हणायची. पोटात पाणी होतं. मेंदूच्या आवरणाला सूज येते. बाळाला जन्मतः बीसीजीची लस देतात, ती मुख्यतः लहान मुलांमधल्या अशा मेंदूच्या टीबीपासून वाचवायलाच. आणि गर्भनलिकांना टीबी झाला, तर कधी कधी पाळी येत राहते, कुठे दुखत नाही, फक्त दिवस राहत नाहीत. 'वांझ' म्हणून टोमणे खाणाऱ्या किती जणींचा खरा आजार हा असेल, कोण जाणे!

मणक्याच्या टीबीला डॉक्टर 'पॉट्स स्पाइन' म्हणतात. पण नुसत्या फोटोवरून त्यांनी औषध सुरू केलं नाही. "तुकडा काढून तपासू," म्हणाले. आम्ही घाबरलो. सुई घातली तर आजार पसरेल, असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं. त्यांनी शांतपणे समजावलं. फुप्फुसाचा टीबी थुंकीत सापडतो. बाकी ठिकाणचा शोधायला त्या जागेपर्यंतच जावं लागतं. गाठ असेल तर सुईने नमुना, पोटात पाणी असेल तर ते पाणी, गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा. सीटी स्कॅनमध्ये बघत बघत त्यांनी मणक्यातून नमुना काढला.

तेव्हा एक गोष्ट शिकले, ती तुम्हीही लक्षात ठेवा. नमुना दोन बाटल्यांत गेला. एक फॉर्मॅलिनची, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. दुसरी साध्या सलाइनची, सीबीनॅट आणि कल्चरसाठी. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. आणि कोणतं औषध लागू पडेल, हे तर जंतूंच्या तपासणीतूनच कळतं. म्हणून 'दोन्ही तपासण्यांना नमुना जाणार ना?' असं विचारायला लाजू नका. अशा नमुन्यात जंतू थोडे असतात, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टर सगळी लक्षणं ताडून पाहतात. आणि रक्तातल्या अँटिबॉडी बघून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर तर सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे.

टीबी निघाला. नशिबाने नेहमीची औषधं लागू पडणारा होता. गाठीच्या टीबीला बहुधा सहा महिने पुरतात, मेंदूच्या टीबीला निदान नऊ, मणक्याला बारा किंवा त्याहून जास्त. गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट, वजनाप्रमाणे, रोज. पाठीला पट्टा.

घरी आलो, तर सासूबाईंनी तिचं ताट-वाटी वेगळी काढलेली! तिने काही न बोलता त्यात जेवायला घेतलं. मी डॉक्टरांना फोन लावून सासूबाईंच्या कानाशी धरला. छातीचा फोटो आणि थुंकी स्वच्छ आहे, मणक्याचा टीबी श्वासातून पसरत नाही, हे त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते ताट रॅकमध्ये परत गेलं.

पहिल्यांदा लघवी केशरी झाली, तेव्हा ती रडतच माझ्याकडे आली. औषधानेच तसं होतं, घाबरायचं कारण नाही. पण डोळे किंवा लघवी गडद पिवळी होऊन उलट्या सुरू झाल्या, नजर धूसर झाली, रंग ओळखेनात, तर लगेच डॉक्टर गाठायचे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी तर आधीच सांगायचं, कारण या औषधाने त्या गोळ्यांचा असर कमी होतो. मानेच्या गाठी उपचार चालू असताना कधी कधी वाढतात. म्हणून आपल्या मनाने औषध बंद करायचं नाही.

चौथ्या महिन्यात ठणका थांबला आणि ती म्हणाली, "ताई, आता बरी आहे की मी! कशाला रोज एवढ्या गोळ्या?" त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा मी देवघराशेजारी ठेवला. दिवा लावला की गोळ्या. बारा महिने एकही दिवस चुकला नाही. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला पाचशे रुपये तेव्हा मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले आहेत. त्यांतून तिची अंडी आणि शेंगदाणे यायचे. त्याला घरात कुणी हात लावायचा नाही, असा नियमच केला.

आज ती चालते-फिरते. पायाची शुद्ध परत आली. भरलेली कळशी मात्र उचलता येत नाही आणि वाकून केर काढता येत नाही. नोव्हेंबरमध्येच दाखवलं असतं, तर कदाचित एवढंही राहिलं नसतं. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. मीच एकदा विषय काढला, तर म्हणाली, "जाऊ दे ना ताई, मलाही वाटलंच होतं की आपण आळशी झालोय."

हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

म्हणून सांगते. पाठदुखी आठवड्यांमागून आठवडे हटत नाही, रात्री वाढते, सोबत संध्याकाळचा ताप आहे, वजन उतरतंय. किंवा मानेची गाठ दोन आठवड्यांत जात नाही, तर 'टीबी असू शकेल का?' असं डॉक्टरांना आपणच विचारू या. आशाताईंना सांगितलं तर त्या तपासणीची वाट दाखवतात.

यंदाच्या दिवाळीतही चकल्या आम्ही दोघींनीच केल्या. ती स्टुलावर बसून सोऱ्या फिरवत होती, खाली बसून तळायला मी होते.